मुठी बघणारे सर

चांगली बातमी सांगितली की त्यांचा चेहरा पडायचा आणि वाईट सांगितली की खांद्यावरच्या पिशवीतून गुडदाणीचा पुडा निघायचा. असा माणूस मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. ते मला तेव्हा कळले नाहीत, आणि आता पंचाहत्तरीला टेकलोय तरी कळले असं म्हणवत नाही. तरी लिहायला बसलोय, कारण परवा नसरापूर फाट्यावरच्या टपरीत पुन्हा कुणीतरी म्हणालं, "त्या पुण्याच्या म्हाताऱ्यानं पोरांना नको तो सल्ला दिला आन् धंदा बुडवला." मी तिथंच बाकावर बसलो होतो. चहा अर्धा टाकून उठलो, पण बोललो काही नाही.

धंदा माझ्या भाचीचा, सुजाचा. तिनं आणि तिच्याबरोबर कॉलेजात असलेल्या नीलेशनं वरवे बुद्रुकला एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली होती. भातखाचरातलं तण काढायचं हातयंत्र बनवायचं होतं त्यांना. लांब दांडा, वर आडवी लाकडी मूठ, खाली दातेरी चाक. उभ्यानं ढकलत गेलं की चाक चिखल उकरतं आणि तण गाडतं. वेल्ह्याकडच्या बाया श्रावणात दिवसभर कमरेत वाकून भांगलण करतात. त्यांच्या कमरा वाचवायच्या, एवढं एकच सुजाच्या डोक्यात होतं. मी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेलो. घरी बसवत नव्हतं म्हणून शेडमध्ये जायला लागलो. वेल्डिंग बघायचं, घासकाम करायचं, चुकलं की ओरडायचं, हे माझं खातं. शेडमधले सगळे मला मामा म्हणत. सरही म्हणत, वयानं माझ्याएवढेच असून.

सर आले ते पुण्यातल्या एका संस्थेकडून. नव्यानं धंदा काढणाऱ्या पोरांना ही संस्था हात देते आणि बरोबर एक अनुभवी माणूस लावून देते. आमच्या वाट्याला हे आले. पूर्वी म्हणे पंप बनवायचा कारखाना चालवत होते. तो चांगला चालला की बंद पडला, असं नीलेशनं विचारलं तर म्हणाले, "दोन्ही."

पंधरवड्यातून एकदा एसटीनं यायचे. नीलेशनं शेडच्या भिंतीवर रंगीत तक्ते लावले होते, सगळ्या रेघा वर चढत जाणाऱ्या. सर आल्या आल्या खुर्ची फिरवायचे आणि तक्त्यांकडं पाठ करून बसायचे. मग चहा यायचा. चहाला ते हात लावत नसत. "काय राहिलं सांगायचं?" असं विचारायचे आणि गप्प बसायचे. 'काय झालं' नाही, 'काय केलं' नाही. काय राहिलं. पोरं आधी सगळं चांगलं चांगलं सांगायची. सर मान हलवत ऐकायचे आणि पुन्हा गप्प. चहावर साय धरायची. ती शांतता मला सहन व्हायची नाही, मी उगाच नट आवळायचे पाने इकडचे तिकडं ठेवत बसायचो. शेवटी सुजा नाहीतर नीलेश खाली बघून म्हणायचे, "सर, एक गोष्ट आहे..." की सर पिशवीत हात घालायचे. गुडदाणीचा तुकडा सांगणाऱ्याच्या हातावर ठेवायचे, मग बोटानं साय काढून बशीच्या कडेला लावायचे आणि गार चहा प्यायचे.

काही शब्दांना त्यांच्यापुढं बंदी होती. 'जवळजवळ', 'साधारण', 'होऊनच जाईल'. आणि 'प्रतिसाद चांगला आहे' असं जो म्हणेल त्यानं शेड झाडायची. पहिल्या दोन महिन्यांत आमची शेड एवढी स्वच्छ होती की शेजारचा गॅरेजवाला विचारायला आला, पाहुणे येणारेत का म्हणून.

नीलेश डोकेबाज. त्यानं एकदा गुडदाणीसाठी वाईट बातमी बनवून सांगितली, मशीन मोडल्याची. सर म्हणाले, "दाखव." मोडलेलं मशीन काही निघेना. तोवर पोरानं तुकडा तोंडात टाकलेला. सर म्हणाले, "चघळलेली परत घेत नाही. पण लक्षात ठेवतो." आम्ही हसलो. ते हसले की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा पडलेला कळायचा, हसू मात्र कधी कळायचं नाही.

वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथल्या हिराबाईंना आम्ही पहिलं मशीन वापरायला दिलं होतं. सुजा त्यांना मोबाईलवर विचारायची, "कसं चाललंय मावशी?" तिकडून उत्तर यायचं, "लई ब्येस." हे 'लई ब्येस' नीलेशच्या तक्त्यावर चढायचं. ऐन भांगलणीत सर म्हणाले, "चला, ते ब्येस बघून येऊ."

हिराबाईंनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं, चुलीवर चहा ठेवला. सरांनी विचारलं, "मशीन कसं आहे?"

"लई ब्येस, सायेब. पोरीनं लई डोकं लावलंय."

"रोज वापरता?"

"व्हय तर."

सर उठून पडवीच्या कोपऱ्यात गेले. मशीन भिंतीला टेकून उभं होतं आणि मुठीवर एक तांबडी कोंबडी ऐसपैस बसली होती. खाली चाकावर तिची शीट वाळलेली. सरांनी तिला हुसकलं नाही. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हाक मारली, "सुजाताई, इकडं या. ह्या तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. ह्यांना विचारा, मूठ कशी वाटते."

हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की लाज, कळलं नाही. सुजाचे डोळे भरले.

"पोरी, राग नको मानू," हिराबाई म्हणाल्या. "आमची लावणी हात जाईल तशी, येडीवाकडी. तुजं चाक रोपावरनंच जातंय. आन् ह्या खाचरातनं त्या खाचरात ते धूड उचलून न्यायाचं म्हंजी... पर तू येवढ्या लांबनं येतीस, फोन करतीस. तुला न्हाई कसं म्हनायचं?"

मी ह्याच मातीतला. लावणी इथं ओळीत नसते, हे मला ठाऊक नव्हतं का? सुजालाही ठाऊक होतं. दारी आलेल्या माणसाला आमच्याकडं तोंडावर नाही म्हणत नाहीत, हेही ठाऊक होतं. आम्हीही म्हणत नाही. तरी फोनवरचं 'ब्येस' आम्ही खरं धरलं. घरचं माणूस घरच्याच भिडेला फसलं. शहरातलं कुणी असतं तर कदाचित फसलं नसतं.

परतीच्या एसटीत सरांनी सुजाच्या मांडीवर गुडदाणीचा अख्खा पुडा ठेवला. ती खिडकीतून बाहेर बघत रडत होती आणि हे शेजारी समाधानानं बसलेले. मला राग आला. पोर रडतेय आणि हा माणूस बक्षीस देतोय. मार्गासनीच्या पुढं आल्यावर ते म्हणाले, "चाक अरुंद करा, वजन कमी करा, पुन्हा द्या. भांगलण संपली की मी मुठी बघायला येईन. माणसं भीड धरतात. लाकूड धरत नाही."

ह्या बाबतीत मात्र आमचं एकमत होतं. आयटीआयमध्ये मी पोरांचं तोंडी काही ऐकून घ्यायचो नाही. म्हणायचो, तुझ्या कानशीची मूठ दाखव, मग मी सांगतो तू किती काम केलंस. वापरलेली मूठ आणि न वापरलेली मूठ मी अंधारातसुद्धा ओळखली असती.

आणखी एक प्रसंग सांगायला हवा, नाहीतर पुढचं समजणार नाही. नीलेशनं काही मशीनं आपल्या पाहुण्यांत नुसती ठेवायला दिली होती आणि ती विकलेल्यांत धरली होती. सरांना ते ठाऊक होतं. वाटेत त्याचेच एक चुलते त्यांना भेटले आणि बोलता बोलता बोलून गेले. मी तेव्हा बरोबर होतो. मला वाटलं, आज नीलेशची चामडी सोलली जाणार. सर शेडमध्ये आले, विचारलं, काय राहिलं सांगायचं, साय धरेपर्यंत थांबले आणि निघून गेले. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी नीलेश एकदम उठला, भिंतीवरचा तक्ता काढला आणि सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी सरांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा आनंद दिसला.

फाट्यावर सोडायला गेलो तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं. मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्याचं खरं आपण बोलू नये, मामा. मी बोललो असतो तर तो फक्त माझ्यापासून जपून राहायला शिकला असता."

"आणि तो कधीच बोलला नसता तर?"

ह्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. एसटी आली म्हणून, की उत्तर नव्हतं म्हणून, ह्याचा मी आजही विचार करतो.

भांगलण संपत आली तसा सुजाचा जीव वरखाली व्हायला लागला. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, भोंगवलीला असतात. त्यांनी तिला सांगून टाकलं होतं, भात कापेपर्यंत काय ते दाखव, नाहीतर शेड बंद कर आणि नोकरी धर. संस्था पुढची मोठी खेप बनवायला मदत करणार होती, पण सरांनी होकार दिला तरच. बायांच्या बचत गटांनी मशीनं घेऊ म्हटलं होतं, ते तर भिडेचंच म्हणणं, पण तेवढ्यावर सुजा उभी होती. एके दिवशी दुपारी शेडमध्ये माझ्याजवळ येऊन बसली.

"मामा, मुठी चांगल्या निघतील ना? मला जाऊन बघायची भीती वाटते."

"निघतील की," मी म्हणालो. मी एकही मूठ पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता स्कूटर काढली आणि वेल्ह्याकडं गेलो. हिराबाईंच्या पडवीत अरुंद चाकाचं नवं मशीन उभं होतं; वाडीत आणखी काही घरी आम्ही तशीच मशीनं दिली होती. मुठीचं लाकूड बोटाला टोचत होतं, सुताराकडून आलं तसंच. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर शेडचा स्टिकरही निघालेला नव्हता. मी बांधावर जाऊन बसलो. समोर भात निसवायला, लोंब्या टाकायला लागलं होतं, दाट, वेडंवाकडं, सुंदर. त्यात कुठलंच चाक कुठूनही जाणार नव्हतं, अरुंद नाही की रुंद नाही. मला ते दिसत होतं. आणि डोळ्यांपुढं सुजाही दिसत होती.

खोटी झीज काढणं सोपं नसतं. सगळीकडं सारखं घासलं की चोरी कळते. ढकलताना तळहाताची टाच जिथं बसते तिथं लाकूड आधी गुळगुळीत होतं, मधोमध कमी. उजवीकडं जास्त, डावीकडं थोडं कमी. आयुष्यभर पोरांच्या मुठी बघून हे शिकलो होतो, ते सगळं त्या दिवशी वापरलं. पॉलिश पेपर, विटेची भुकटी, आणि शेवटी खोबरेल तेल लावून चिंधीनं रगडायचं, म्हणजे घामानं मुरल्यासारखा रंग येतो. चाकाचे दातेही कानशीनं थोडे बोथट केले. संध्याकाळपर्यंत तळहाताला फोड आले.

हिराबाई बराच वेळ दारात उभ्या होत्या. "भाऊ, हे काय करतायसा?"

"जरा साफ करतोय."

"कुनाला दाखवायचंय व्हय?"

मी मान वर केली नाही. त्या आत गेल्या, तांब्याभर पाणी आणून माझ्याजवळ ठेवलं आणि म्हणाल्या, "आमी न्हाई बोलायचो कुनाला." ह्या वेळी त्या माझी भीड धरत होत्या.

दोन दिवसांनी सर आले. सुजा, नीलेश आणि मी बरोबर होतो. हिराबाईंच्या पडवीत सरांनी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. ढकलल्यासारखं केलं. तळहात सरकवत नेला, टाचेच्या जागी थांबवला, परत आणला. मग त्यांनी स्वतःचा तळहात नाकाशी नेला आणि हुंगला. मला वाटलं, चिखलाचा वास बघताहेत.

"छान झालीय मूठ," ते म्हणाले.

"व्हय सायेब," हिराबाई जमिनीकडं बघत म्हणाल्या.

सुजानं माझा दंड घट्ट धरला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. प्रत्येक घरी ती अधिक अधिक हसत गेली.

शेडमध्ये परतलो. चहा आला. "काय राहिलं सांगायचं?" नीलेश म्हणाला, मशीनच्या मानेजवळचा जोड तडकतोय. सुजा म्हणाली, एका गटाची अध्यक्ष फोन उचलत नाही. दोघांना गुडदाणी मिळाली. मग सर माझ्याकडं वळले.

"मामा?"

इतक्या दिवसांत त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी हसण्यावारी नेलं. "माझं काय असणार, सर? मी हातकामाचा माणूस."

ते थांबले. चहावर साय धरली. पोरं चुळबूळ करायला लागली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज पत्र्यात घुमत होता. मी माझ्या हातांकडं बघत होतो, ते मांडीखाली दाबलेले होते.

"काही नाही," मी म्हणालो.

सरांनी कप उचलला आणि चहा सायीसकट पिऊन टाकला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मग सुजाला म्हणाले, "करा."

ती रडली, ह्या वेळी आनंदानं. मी त्यांना सोडायला फाट्यावर गेलो. एसटी आली तेव्हा त्यांनी चढायला आधार म्हणून हात पुढं केला. कधी करत नसत. मी हात दिला. त्यांचा अंगठा माझ्या तळहातावरून फिरला, एका फोडावर थांबला, दुसऱ्यावर थांबला.

"खोबरेल लावा, मामा," ते म्हणाले. "घरात असेलच."

गाडी गेली. मी स्वतःला सांगितलं, हातकाम करणाऱ्याला फोड यायचेच.

खेप झाली. पुढच्या श्रावणात मशीनं पडव्यांत उभी राहिली आणि हळूहळू त्यांच्यावर कोंबड्या बसल्या. गटांनी काही परत पाठवली, काही तशीच गंजली. संस्थेनं हात काढून घेतला आणि सरांनाही म्हणे सांगितलं की आता येऊ नका. हे सांगितलं त्या बैठकीला नीलेश हजर होता. तो सांगतो, सरांना विचारलं की तुम्ही कशावरून होकार दिलात, तर ते एवढंच म्हणाले, "मुठी बघितल्या." सुजानं पुण्यात नोकरी धरली. शेडमध्ये आता टायरचं दुकान आहे. आणि फाट्यावर गोष्ट उरली, म्हाताऱ्यानं पोरांना बुडवल्याची.

ती खोटी आहे. मुठी मी घासल्या होत्या.

पण एवढं लिहून हिशेब सरळ होतो का, ह्याच घोळात मी आहे. त्यांना कळलं होतं, ह्यात मला शंका नाही. मग 'करा' का म्हणाले? मी बोलेन म्हणून वाट बघत होते? नीलेशची बघितली तशी? खेप बनायला हिवाळाभर वेळ होता, मोबाईल माझ्या खिशात होता, त्यांचा नंबर होता. रोज वाटायचं, आज सांगू. पण एक म्हातारा तोंड उघडेल ह्यावर त्यांनी दोन पोरांचं वर्ष का लावलं? दुसऱ्याचं खरं आपण बोलू नये, हा नियम एवढा मोठा असतो का? कधी वाटतं, त्यांच्याइतका सच्चा माणूस नाही. कधी वाटतं, त्यांच्याइतका हट्टी आणि निर्दय माणूस नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी रडलो, आणि त्यात राग किती होता हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

टपरीतून उठून गेलो त्यानंतरच्या रविवारी सुजा घरी आली. कागदावर काही लिहिण्याआधी तिला सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं. बांधावरच्या दुपारपासून एसटीपर्यंत सगळं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. तिनंच केलेला चहा दोघांच्या पुढं होता, आणि तिनं कपाला हात लावला नव्हता.

ती म्हणाली, "सरांचा मला एकदा फोन आला होता. 'करा' म्हणाले त्याच्या आठवड्यानंतर. विचारत होते, मामांचे हात बरे झाले का?"

"मग?"

"मी म्हटलं, हातांना काय झालंय? ते म्हणाले, बघा एकदा. आणि ठेवला फोन." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "मी नाही बघितले, मामा. त्या आठवड्यात मी खेपेचं सामान आणत होते. मला बघायचंच नव्हतं काही."

मग तिनं मान वर केली. "अजून काय राहिलं सांगायचं?"

आवाज तिचाच होता. चहावर साय धरलेली. मी म्हणालो, "मला त्यांचा अजून राग येतो."

"मलाही," ती म्हणाली.

उठून स्वयंपाकघरात गेली. डबे उघडल्याचा आवाज आला. गुडदाणी आमच्या घरात नसते. तिनं गुळाचा खडा आणला, माझा हात ओढून उताणा केला, तळहात एकदा नीट बघितला आणि खडा त्यावर ठेवला. मग बोटानं साय काढून बशीच्या कडेला लावली आणि आपला गार चहा प्यायला लागली.

मी खडा तोंडात टाकला. तो गोड लागला. त्याचं काय करायचं, तेही मला कळेना.